अन्वर सरांचं खाकी कार्ड

अन्वर सरांनी कैची कधी हातात धरली नाही. आमच्या अहमदपूरला कात्रीला कैचीच म्हणतात. जन्मभर मराठी शिकवूनही मला माझ्याच घरात 'कात्री' हा शब्द रुजवता आला नाही, तेव्हा इथंही कैचीच म्हणतो. स्नेहसंमेलनाच्या पताका कापायच्या असोत नाहीतर एखाद्या पोराच्या पायाची पट्टी, सर दातानं तोडायचे, हातानं फाडायचे, नाहीतर शेजारच्याला म्हणायचे, "जरा कापून द्या की." एकदा गावातल्या एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ताटात लाल मखमल, मखमलीवर नवी कोरी कैची. सरांनी ताटाकडे बघितलं, मग सरळ खांबाजवळ गेले आणि फितीची गाठ सोडायला लागले. गाठ कुणा पहिलवानानं मारलेली होती. सर नखानं कोरत राहिले, फोटोवाला खोळंबला, बँडवाला एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. शेवटी गाठ सुटली आणि टाळ्या वाजल्या. कुणी म्हणालं सर साधे आहेत, कुणी म्हणालं शकुन-अपशकुन मानतात. मी म्हणालो विक्षिप्त आहेत. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याबद्दल मी एवढाच विचार केला होता, हे आता आठवलं की लाज वाटते.

शेजारी म्हणजे शिक्षकांच्या खोलीतले. मी मराठी शिकवायचो, ते खेळ शिकवायचे, आणि आमची टेबलं लागून होती. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. "काय मराठीवाले" एवढंच. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि मान अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलंच नाही. गळ्यात शिट्टी. ती निवृत्त झाल्यावरही निघाली नाही, लग्नाच्या पंगतीतही असायची. घराणं गाद्या-रजया भरणाऱ्यांचं, बाजारात जुनं दुकान, आता भाऊ चालवतात. सोमवारी सरांच्या भुवईवर कापूस दिसला की ओळखावं, रविवार दुकानात गेला.

त्या दुकानातल्या फाटक्या गाद्या सरांनी शाळेच्या मैदानावर आणून टाकल्या होत्या. कबड्डीला नवीन आलेल्या पोराला ते पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवायचे. चढाई नाही, पकड नाही, नुसतं पडणं. पालक विचारायचे, पोरगं खेळायला जातंय का झोपायला? सर म्हणायचे, "उभं ऱ्हायला मायबाप शिकवतेत. पडायचं कुणी शिकवावं?" त्यांच्या हाताखाली कुण्या पोराचं हाड मोडल्याचं मला आठवत नाही.

दुसरी सवय 'गलती माझी' म्हणण्याची. शिपायाच्या हातून त्यांच्या पँटवर चहा सांडला तर "गलती माझी, मीच मधी बसलो." वेळापत्रकात मुख्याध्यापकांनी घोळ घातला तर "गलती माझी, मी इचारायला पाहिजे होतं." आम्ही बाकीचे बिलंदर. काही बिघडलं की ते हळूच सरांच्या दिशेनं सरकवायचो, आणि सर ते निमूट अंगावर घ्यायचे. त्यात मीही होतो.

आणि तिसरी गोष्ट, लोहा आलं की सर झोपायचे. अहमदपूरहून नांदेडला जायचं तर वाटेत लोहा लागतंच. स्पर्धेला पोरं घेऊन निघालो की सर खिडकीशी बसून पोरांना दम देत असायचे, पण लोह्याची घरं दिसायला लागली की टोपी नाकापर्यंत ओढायचे. स्टँडवर गाडी थांबायची, पोरं भजी खायला उतरायची, सर हलायचे नाहीत. गाडी गावाबाहेर पडली की जागे. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो, लोह्याचं कुणाचं देणं आहे का म्हणून. सर हसायचे.

आता त्या कार्डाकडे येतो.

आमच्या गावात सोयाबीन निघाल्यावर कबड्डीची स्पर्धा असते. अहमदपूर, लोहा, उदगीर, देगलूर, सगळीकडचे संघ येतात. अध्यक्ष तात्या, खता-बियाणांचे व्यापारी, मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. निवृत्तीनंतर अन्वर सर पंचांचे प्रमुख, आणि मी अक्षर बरं म्हणून चिटणीस आणि गुणफलकावर. कबड्डीत पंचाकडे तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे समज, पिवळं म्हणजे थोडा वेळ बाहेर, लाल म्हणजे घरी. पोरांनी त्यातली मेख बरोबर हेरली होती. हिरव्या कार्डानं कुणी बाहेर जात नाही. आमच्या स्पर्धेचा नियम असा की बेकायदा पकड झाली तर चढाई रद्द, समोरच्याला एक गुण, आणि धरणाऱ्याला हिरवं. म्हणून संघ दोन गुणांनी पुढं असला की शेवटच्या मिनिटाला कुणीतरी चढाईवाल्याचं तोंड दाबायचा, चड्डी धरायचा, पायात पाय अडकवायचा. एक गुण गेला तरी सामना जिंकला. सर म्हणायचे, "सात गडी, सात फुकटचे गुन्हे. खेळ कुठं हाय ह्याच्यात?"

त्यांनी शाळेत भरलेल्या स्पर्धेच्या सभेत मागणी केली की एक नवीन कार्ड पाहिजे. मुद्दाम केलेल्या फाउलसाठी. ते दाखवलं की गडी उरलेल्या सामन्यातून बाहेर, त्याच्या जागी बदली नाही, आणि त्यानं हिसकावलेले सगळे गुण समोरच्याला.

सभा तापली. एक जुने खेळाडू म्हणाले की ही कबड्डी आहे, कीर्तन नाही. तात्यांचा मुद्दा जास्त अवघड होता: फाउल मुद्दाम केला का चुकून, हे ठरवायचं कसं? "पंच हाय का ज्योतिषी?"

सर उठून उभे राहिले. त्यांनी स्टँडसमोरची एक गोष्ट सांगितली, ती मीही बघितली होती. एका रिक्षानं केळीवाल्याचा गाडा उडवला होता. रिक्षावाला उतरला, आणि त्यानं पहिल्यांदा चौकातल्या पोलिसाकडे बघितलं. केळीवाला मातीत बसला होता, त्याच्याकडे नंतर. "चुकून झालं तर माणूस आधी पडलेल्याकडं बघतो," सर म्हणाले. "मुद्दाम केलं तर आधी पंचाकडं बघतो. तेवढं एक बघायचं, तात्या. नियत डोळ्याला दिसती."

सगळ्यांनाच आपापला कुठलातरी पोलीस आठवला असावा.

मग शब्दावरून वाद झाला, आणि तो मी घातला. नियमात 'हेतुपुरस्सर' लिहावं असं मी म्हणालो. तात्या म्हणाले, पंचाला ते म्हणता येईपर्यंत सामना संपेल. 'मुद्दाम' काहींना पोरकट वाटलं. शेवटी सरांचाच शब्द राहिला, आणि मी लिहिलं: नियत खोटी असल्यास नवीन कार्ड.

आता रंग कुठला? हा प्रश्न सोपा वाटला होता. हिरवं, पिवळं, लाल आधीच गेलेलं. भगवं म्हणताच दोघं सावरून बसले, निळं म्हणताच आणखी तिघं. काळं म्हणजे निषेध, पांढरं म्हणजे शरणागती, गुलाबी म्हणताच मागची पोरं हसायला लागली. आमच्या तालुक्यात असा एक रंग उरला नव्हता की जो कुणाच्याच मालकीचा नाही. तेवढ्यात चहाबरोबर खारीचा पुडा आला. सरांनी त्याचं खोकं उचललं, त्याचा पुठ्ठा निरखला. खाकी. तात्या खूश झाले. खाकीला सगळेच भितेत, म्हणाले. शिपायानं कैची पुढं केली. सरांनी ती बाजूला सारली, पुठ्ठा टेबलाच्या कडेवर दाबला आणि हातानं फाडला. तीन कडा सरळ आल्या, एक कुरतडल्यासारखी राहिली.

एक वर्ष करून बघू, असं ठरलं. अट एकच, खाकी कार्ड असलेल्या अंतिम सामन्याला पंच अन्वर सरच. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यावर सभेचा भरवसा नव्हता.

त्याच पावसाळ्यात माझ्या मुलीला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला सोडायला निघालो तर सर सोबत आले. लोह्याला त्यांनी टोपी ओढली, मुलीनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. तिला वसतिगृहात टाकून आम्ही दोघं धरणाच्या बाजूला जाऊन बसलो. गोदावरीचं पाणी फुगलेलं होतं. मला उगाच भरून आलं होतं, म्हणून विषय बदलायला मी कार्डाचा काढला. एवढा हट्ट कशासाठी केलात म्हणून विचारलं.

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "मराठीवाले, कबड्डीतली कैची ठावं हाय का तुमाला?"

मला माहीत होती. धरणारा आपल्या दोन पायांत चढाईवाल्याचे पाय कैचीसारखे अडकवतो आणि अंग पिळतो. धोक्याची म्हणून बंदी आहे तिला.

"मी मारली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. ते विशीत होते. विभागाची अंतिम लढत, अहमदपूर विरुद्ध लोहा. लोह्याकडून माणिक नावाचा चढाईवाला होता, वाऱ्यासारखा. पोलीस भरतीची तयारी करायचा, पळण्यात पहिला यायचा. शेवटची चढाई त्याची होती. आमच्या प्रशिक्षकानं डाव सुरू होण्याआधी अन्वरच्या कानात सांगितलं, एक गुण जाईल, कप तर येईल. माणिकनं तिघांना शिवलं आणि वळला. अन्वरनं कोपऱ्यातून झेप घेतली आणि कैची मारली. गुडघ्याचा आवाज झाला. तो आवाज सरांनी तोंडानं काढून दाखवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडला.

"माणिक मातीत पडला होता," ते म्हणाले. "अन् मी पंचाकडं बघितलं."

पंचानं समज दिली आणि एक गुण. अहमदपूर जिंकलं. त्या कपाच्या प्रमाणपत्रावर सरांना खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागली. माणिकची भरती गेली. तो गावाकडं शेती करू लागला, हळदीत नाव काढलं म्हणतात, पण चालताना पाय ओढतो. इतक्या वर्षांत सर त्याला एकदाही भेटले नव्हते. "पगाराच्या दिवशी लई आठवायचा," एवढं बोलून ते उठले आणि पँटची धूळ झटकू लागले.

परतीच्या गाडीत लोहा आलं. सरांनी टोपी ओढली. या वेळी मीच बाहेर बघायचं टाळलं.

सोयाबीन निघालं, स्पर्धा भरली. लोह्याकडच्या संघाची नावं माझ्याकडे आली तेव्हा त्यात गजानन नावाचा एक कोपऱ्यावरचा गडी होता, आणि बापाचं नाव माणिक. गाव तेच. मी कागद सरांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला. लोहा अंतिम सामन्याला येईलच असं काय, असं मी स्वतःला समजावलं. लोहा आलं. समोर आमचंच अहमदपूर, सरांनीच घडवलेली पोरं. मी तात्यांना जाऊन सांगायला हवं होतं की पंच बदला. कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सरांचं गुपित होतं, असा मी बहाणा केला. खरं म्हणजे मला सभेत पुन्हा वाद नको होता.

सामन्याच्या दिवशी सरांच्या खिशात चारही कार्डं होती. खाकी वर डोकावत होतं. प्रेक्षकांत पुढच्या रांगेत एक पांढऱ्या धोतरातला माणूस एक पाय लांब करून बसला होता. त्याला मी कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं.

शेवटची चढाई आली. लोहा दोन गुणांनी पुढं. आमचा चढाईवाला आत घुसला, एकाला शिवलं, मग एकदम दोघांना, आणि मध्यरेषेकडं वळला. तीन गुण, म्हणजे सामना आमचा. मैदान उठून उभं राहिलं. तेवढ्यात कोपऱ्यातून गजू आला आणि त्यानं कैची मारली.

आमचं पोरगं पडलं, पण सरांनी गाद्यांवर शिकवलं होतं तसं पडलं, अंग सैल सोडून, गुडघा पिळू न देता. वाचलं. फलकाजवळून मला गजूचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यानं खाली पडलेल्याकडे बघितलं नाही. त्यानं मान वर करून सरांकडे बघितलं.

सरांचा हात खिशाकडे गेला. त्यांची बोटं खाकीच्या त्या कुरतडलेल्या कडेवर टेकलेली मी बघितली. मग त्यांनी प्रेक्षकांकडे नाही, पोरांकडे नाही, वर मंडपाच्या कापडाकडे कुठंतरी नजर लावली आणि हिरवं कार्ड काढलं.

एक गुण. लोहा एकानं जिंकलं. मी फळ्यावर तो एक गुण लिहिला. माझ्या हातात खडू होता, तोंडात जीभ होती, आणि मी आकडा चांगला वळणदार काढला.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जास्त बोचतं. लोकांनी सरांना डोक्यावर घेतलं. स्वतःचं गाव, स्वतःची पोरं, आणि हरतानाही पंच ढळला नाही, नियमाप्रमाणं हिरवंच दाखवलं, असा माणूस आता मिळायचा नाही. लोह्यावाल्यांनी हार घातला, तात्यांनी शाल पांघरली. आमचा तो चढाईवाला मात्र मैदानावर बसून सरांकडे बघत होता. त्यानं कैचीची पकड अंगावर झेलली होती, त्याला काय झालं ते ठाऊक होतं.

सर शाल खुर्चीवर टाकून मंडपामागं पाण्याच्या टाकीशी गेले. मी शाल घेऊन मागं. तिथं माणिकराव पाय ओढत आले, बरोबर मान खाली घातलेला गजू.

"अन्वरभाई, वळखलं का?"

"हाव," सर म्हणाले. "माणिकराव."

"माझ्या पोरानं कैची मारली. तुमी बघितली."

"बघितली."

"मी तेला इचारलं. मुद्दाम मारली म्हनतोय. मग ते खाकी कशाला करून ठिवलंय तुमी?"

सरांच्या हातात पाण्याचा पेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांना 'गलती माझी' म्हणणारा हा माणूस, आणि जेव्हा खरोखरच गलती त्याची होती तेव्हा ते दोन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. मी वाट बघत होतो. माणिकरावही बघत असावेत.

"माझ्या गुडघ्याची खैरात माझ्या लेकराला घातली," माणिकराव आवाज न चढवता म्हणाले. "कुणी मागितली होती? मी ह्याला आजवर सांगितलं न्हाई माझा पाय कुणी मोडला ते. म्हनलं, खेळात झालं. आता हा काय शिकला? कैची मारली की हार भेटतोय."

गजूनं बापाकडे चमकून बघितलं, मग सरांकडे.

"तवा मी मातीत पडून तुमच्याकडं बघून राहिलो होतो," माणिकराव म्हणाले. "तुमी पंचाकडं बघितलं. आज तर तुमी कुनाकडंच बघितलं न्हाई."

ते गेले. सरांनी पेला टाकीवर ठेवला, तो कलंडला. शाल त्यांनी माझ्या हातातून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या चढाईवाल्याच्या घरी गेले होते, हे मला नंतर त्या पोराकडून कळलं. दारातच उभे राहिले, "गलती माझी" म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

वर्षाखेरची सभा भरली तेव्हा तात्या रंगात होते. कार्डाचा असा धाक बसला की एकदाही काढायची वेळ आली नाही, खाकीचा प्रयोग यशस्वी, अन्वर सरांचा सत्कार करू, असं ते म्हणाले. शालीची घडी टेबलावर तयार होती.

सर उभे राहिले. "काढायची येळ आली होती, तात्या," ते म्हणाले. "माझ्या खिशातून ते निघालं न्हाई. खोटी नियत त्या पोराची होती, अन् माझीबी." मग त्यांनी सगळं सांगितलं, आपल्या कैचीपासून गजूच्या कैचीपर्यंत. एकही नाव लपवलं नाही, फक्त मला सगळं आधीपासून माहीत होतं तेवढं मात्र वगळलं. ती दया त्यांनी माझ्यावर केली आणि मी ती गुपचूप घेतली. शेवटी म्हणाले, कार्ड ठेवा, पंचांत माझं नाव ठेवू नका.

कुणीही त्यांना वाईट बोललं नाही. पण अन्वर सरांच्या हातून जे कार्ड निघत नाही ते दुसऱ्या कुणाच्या हातून काय निघणार, असं एकेकाचं मत पडत गेलं, आणि खाकी कार्ड रद्द झालं. ज्या नियमासाठी माणूस एवढा झिजला तो त्याच्याच खऱ्या बोलण्यानं मेला. मी तेव्हा उठून म्हणायला पाहिजे होतं की मलाही दिसलं होतं, म्हणजे ते दिसतं, म्हणजे नियम चुकीचा नव्हता. नुसत्या एका वाक्याचं काम होतं. मी पट्टी घेतली आणि माझ्याच अक्षरातल्या 'नियत खोटी असल्यास' वर सरळ रेघ ओढली. सर जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेले. पुठ्ठ्याचा तो तुकडा त्यांनी बरोबर नेला.

त्यानंतर बरेच दिवस ते दिसले नाहीत. मीही त्यांच्या घराकडे जायचं टाळलं, दुकानावरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जायचो.

मग एका रविवारी सकाळी स्टँडवर गेलो, मुलीला डबा पाठवायचा होता. नांदेडच्या गाडीपाशी कंडक्टर कुणाशी तरी हुज्जत घालत होता. बघतो तर अन्वर सर, आणि त्यांच्या खांद्यावर दोरीनं बांधलेली गादीची वळकटी. कंडक्टर म्हणत होता गादीचं अर्धं तिकीट लागेल, सर म्हणत होते गादी बसत नाही, उभीच राहते. शेवटी अर्ध्या तिकिटावर तडजोड झाली. मला बघून ते हसले. भुवयांवर कापूस होता.

"काय मराठीवाले."

कुठं निघालात विचारलं. लोह्याला, म्हणाले. दर रविवारी जायलोय, माणिकरावाच्या शेतात पोरं जमतेत, त्यांना पडायला शिकवतो. गजू पण असतो. आणि माणिकराव? ते कडेला बाजेवर बसतेत, सर म्हणाले, खाकी कार्ड आता त्यांच्यापाशी असतंय.

"मग दाखवलं का कधी कुणाला?" मी विचारलं.

"पहिल्याच दिशी. कार्ड त्यांच्या हाती दिलं, मैदानात पाय ठिवला अन् त्यांनी मलाच दाखवलं."

"आणि तुम्ही?"

"नियम हाय ना. भाईर बसलो दिसभर. बदली न्हाई." सरांनी दोरी खांद्यावर सारखी केली. "सांजच्याला तोंडातून निघालं एकदाचं, गलती माझी. ते म्हनले, हाव, तुमचीच."

मला त्यांना तेव्हा सांगायचं होतं, माझंही. फळ्यावरचा तो गुण, सभेतलं ते वाक्य. शब्दांचा धंदा केलेला मी डब्याचं झाकणच चाचपत राहिलो. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. मी डबा ड्रायव्हरकडे दिला आणि खिडकीखाली उभा राहिलो. सर आत चढले. टोपी हातात होती, डोक्यावर नव्हती. गर्दी होती, त्यांनी वळकटी दोन सिटांच्या मधे उभी केली आणि एका हातानं धरली.

गाडी खड्ड्यातून हिसका देऊन निघाली आणि वळकटी बाजूच्या एका म्हातारीच्या अंगावर कलंडली. कंडक्टर मागून ओरडला. सरांनी आधी म्हातारीकडे बघितलं.